पाटी, पेन्सिल आणि संगणकाची परीक्षा

इ. स. १८३४ हे साल आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबर रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज छत्तीस करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरास लागले. त्यांत आपले कोकणातील पूर्वज नव्हते; ते पुढे मुंबई बंदरातून आले. परंतु त्याच १८३४ साली लंडन शहरी चार्ल्स बॅबेज नावाच्या एका हट्टी गणितज्ञाच्या मनात आज्ञेबरहुकूम वाटेल ते गणित करणाऱ्या यंत्राची कल्पना आकार घेऊ लागली होती. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नव्हता. तथापि जहाजातून उतरलेल्यांच्या पणतू-खापरपणतूंनी त्या यंत्राच्या विद्येत परीक्षा द्यावी, असा योग मात्र काळाने जुळवून आणला खरा.

गणेशचतुर्थी आटोपली, मूर्तींचे विसर्जन झाले, की आपल्या घराघरांतून एक निराळेच वातावरण पसरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षा डोक्यावर आलेल्या असतात. गणित, फ्रेंच वा अर्थशास्त्र यांची तयारी कशी करावी याची थोडीफार कल्पना प्रत्येक कुटुंबास असते. थोरला भाऊ, मावशी, शेजारचे मास्तर कोणी ना कोणी त्यातून गेलेले असते. संगणकशास्त्राचे तसे नाही. मुलगा खोली बंद करून पडद्यासमोर बसला आहे एवढेच आईबापांस दिसते. तो अभ्यास करीत आहे की खेळत आहे, आणि अभ्यास करीत असल्यास तो योग्य रीतीने करीत आहे काय, हे त्यांस कळण्यास मार्ग नसतो. प्रस्तुत लेखकाने या विषयाचे अध्यापन पुष्कळ वर्षे केले असून त्यात एक मोठी चूकही केली आहे. ती आधी सांगतो.

माझी समजूत अशी होती की, जशी गणितातील सूत्रे तसेच नेहमी लागणारे प्रोग्रॅम मुलांनी पाठ करावेत. क्रम लावण्याचा प्रोग्रॅम, शोधण्याचा प्रोग्रॅम, फाइल वाचण्याचा प्रोग्रॅम, असे वीस-पंचवीस नमुने मी वहीत उतरवून देत असे, आणि मुले ते मंत्रासारखे घोकीत. माझा सख्खा भाचा त्यांतला पहिला गडी. प्रात्यक्षिक परीक्षेहून तो हसतमुखाने परतला आणि म्हणाला, “मामा, सगळे प्रोग्रॅम चालले, एकही चूक दाखवली नाही.” मग मी त्याला प्रश्न काय होता ते विचारले. नावे एका यादीत आणि गुण दुसऱ्या यादीत दिले होते. गुणांच्या उतरत्या क्रमाने दोन्ही लावायचे होते. भाच्याने पाठ केलेला ‘बबल सॉर्ट’ बिनचूक लिहिला होता. त्याने गुणांची यादी लावली, तीही चढत्या क्रमाने, आणि नावे होती तिथेच राहिली. म्हणजे प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याचेच गुण! यंत्राने तक्रार केली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने त्यात काहीही चुकले नव्हते. असलीच आणखी दोन-तीन उत्तरे निघाली. निकाल लागला तेव्हा त्याची विद्यापीठातील इच्छित जागा हुकली. त्या दिवशी माझी बहीण मला एक शब्दही बोलली नाही, आणि बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर मी ती वही कुणाला दिलेली नाही.

आता ही परीक्षा असते तरी कशी, हे पालकांच्या माहितीकरिता सांगणे अवश्य आहे. आपल्या हायर स्कूल सर्टिफिकेटच्या विद्यार्थ्यांकरिता केंब्रिजचा जो संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम आहे, त्याची नवी रचना २०२१ च्या परीक्षेपासून अमलात आली. तीत चार प्रश्नपत्रिका असून प्रत्येकीस ७५ गुण आहेत. पहिली व तिसरी मुख्यत्वे सिद्धांताची. दुसरी दोन तासांची असून तीत प्रोग्रॅम लिहावयाचा असतो तो कागदावर, ‘सूडोकोड’ म्हणून जी अर्धी इंग्रजी, अर्धी यांत्रिक भाषा आहे तीत. समोर यंत्र नसते. चौथी अडीच तासांची, प्रत्यक्ष संगणकावर, पायथन, जावा अथवा व्हिज्युअल बेसिक यांपैकी एका भाषेत. तेथे इंटरनेट नसते. दहावीनंतरच्या स्कूल सर्टिफिकेटच्या मुलांची प्रोग्रॅमची पत्रिका तर सर्वस्वी कागदावरचीच आहे, आणि तिच्या अखेरीस १५ गुणांचा एक मोठा प्रश्न असतो, ज्यात एखाद्या प्रसंगाचे वर्णन देऊन संपूर्ण प्रोग्रॅम रचावयास सांगितलेले असते.

म्हणजे ज्या परीक्षेची तयारी मुले रात्रंदिवस पडद्यापुढे बसून करतात, तिचा मोठा भार पेन्सिलीवर आहे. या एका गोष्टीची जाणीव मुलांस जितकी लवकर होईल तितके उत्तम. पडद्यावर चूक झाली की यंत्र तत्काळ ओरडते, मग मुलगा एक आकडा बदलून पाहतो, दुसरा बदलून पाहतो, आणि केव्हातरी ते चालू लागते. का चालू लागले, हे त्यालाही ठाऊक नसते. कागद ओरडत नाही.

कागदावरचा प्रोग्रॅम तपासण्याची जी रीत आहे, तिला ‘ड्राय रन’ म्हणतात, आणि त्यासाठी जो तक्ता आखावयाचा त्याला ‘ट्रेस टेबल’. प्रत्येक चलाचा एक रकाना; आज्ञा एकेक करून वाचायची आणि जी किंमत बदलेल ती त्या रकान्यात खाली लिहायची. कल्पना जुनी आहे. एडा लव्हलेस हिने १८४३ साली बॅबेजच्या यंत्राविषयी जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांत बर्नूलीच्या संख्या काढण्याचा क्रम असाच कोष्टकात मांडलेला आहे. (त्या कोष्टकातही एके ठिकाणी भाज्य आणि भाजक उलटे पडले आहेत. आमच्या मुलांस हे सांगितले की त्यांचे चेहरे उजळतात.)

हा तक्ता मुलांच्या अंगवळणी कसा पाडावा, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. ते एका आजीबाईंनी शिकविले. शनिवारी मंडळाच्या सभागृहात काही मुले माझ्याकडे शिकावयास येतात. त्यांतील एक मुलगी हुशार, परंतु घाई फार. तिला आणावयास तिची आजी येत असे आणि वर्ग संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राही. या आजींचे शिक्षण म्हणजे लहानपणी गावच्या बैठकेत दिव्याच्या उजेडात पाटीवर गिरवलेली अक्षरे आणि पाढे, एवढेच. एके दिवशी मी त्या मुलीला म्हणालो, “तुझ्या आजींना यंत्र कर. तू आज्ञा वाच, त्या तेवढेच करतील, अधिक काही नाही.” आजींच्या हाती पाटी दिली आणि तिच्यावर दोन घरे आखली, एकाचे नाव ‘अ’, दुसऱ्याचे ‘ब’. एका घरात एकच आकडा मावेल. नवा लिहिला की जुना पुसायचा.

‘अ’ मध्ये ५, ‘ब’ मध्ये ८. मुलीच्या प्रोग्रॅमला या दोहोंची अदलाबदल करावयाची होती. तिने वाचले, “ब मधला आकडा अ मध्ये लिही.” आजींनी ५ पुसून तेथे ८ लिहिला. “आता अ मधला आकडा ब मध्ये लिही.” आजींनी पाटीकडे पाहिले, नातीकडे पाहिले. दोन्ही घरांत ८.

“अगं बाळ, पाच तर मी पुसून टाकला. आता तो आणू कुठून?”

“आजी, तुला आठवतोय ना तो?”

“मला आठवतोय गं. पण मास्तरांनी सांगितलंय, पाटीवर असेल तेवढंच मला ठाऊक. तिसरं घर आखून दे, त्यात आधी पाच ठेवते.”

क्रम लावण्याच्या प्रोग्रॅममध्ये अदलाबदलीसाठी जे तिसरे, तात्पुरते घर लागते, ते का लागते, हे त्या वर्गातील एकही मूल पुन्हा विसरले नाही. आजी इंग्रजी जाणत नाहीत. नातीला दर आज्ञा मराठीत अथवा क्रिओलमध्ये समजावून सांगावी लागे, आणि समजावून सांगताना आपल्यालाच ती कळलेली नाही हे तिच्या ध्यानी येई. घरातील ज्या माणसाला या विषयाचे काहीच ज्ञान नाही, तेच माणूस या कामी सर्वांत उपयोगी. कारण ते मनाने काही भरून काढीत नाही. तेव्हा पालकहो, आपल्याला हा विषय येत नाही म्हणून दूर बसू नये. पाटी हाती घ्यावी.

आणखी एक उदाहरण देतो, कारण परीक्षेतील अर्धे गुण अशाच ठिकाणी निसटतात. दिलेल्या आकड्यांतून सर्वांत मोठा शोधावयाचा आहे. मुले सहसा असे करतात: ‘कमाल’ नावाचे घर घेतात, त्यात आरंभी शून्य लिहितात, आणि एकेक आकडा पाहून तो ‘कमाल’हून मोठा असल्यास तेथे ठेवतात. गुणांच्या यादीवर हे उत्तम चालते. आता पोर्ट लुईच्या बंदरातील मासळीच्या शीतगृहाची तापमाने घ्या: उणे १८, उणे २१, उणे १६. उणे १८ हे शून्याहून मोठे आहे काय? नाही. उणे २१? नाही. उणे १६? नाही. प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगतो की सर्वाधिक तापमान शून्य होते, जे तापमान यादीत मुळी नव्हतेच. आरंभी शून्य न ठेवता यादीतील पहिलाच आकडा ‘कमाल’मध्ये ठेवला असता तर हा घोटाळा झाला नसता. आमच्या मुलांना ही चूक सुचत नाही याचे एक कारण मला असे वाटते की, या बेटावर क्युरपीपच्या ऐन हिवाळ्यातदेखील पारा कधी शून्याखाली गेलेला त्यांनी पाहिलेला नाही. जे पाहिले नाही त्याची कल्पना करणे, हाच तपासणीचा आत्मा.

म्हणूनच परीक्षक चाचणीसाठी निरनिराळ्या प्रकारचे आकडे मागतात. शून्य ते शंभर गुण स्वीकारणारा प्रोग्रॅम असेल तर ५५ हा साधारण आकडा. शून्य आणि शंभर हे टोकाचे, जे स्वीकारले गेलेच पाहिजेत. उणे १ आणि १०१ हे सीमेपलीकडचे, जे नाकारले गेलेच पाहिजेत. आणि ‘पन्नास’ असे अक्षरांत लिहिणे हे तर सर्वस्वी अयोग्य. नुसता आकडा लिहून भागत नाही. तो का निवडला आणि त्यावर प्रोग्रॅमने काय करावे हेही लिहावे लागते. घाईतली मुले नेमके तेच गाळतात.

मोजणीची चूक ही दुसरी जुनी दुखणाईत. उसाच्या दहा सरी असतील तर त्यांच्यामधली अंतरे नऊ असतात, हे शेतात राबलेल्या आपल्या आज्याला सांगावे लागत नव्हते. प्रोग्रॅममध्ये मात्र आवर्तन दहा वेळा करावे की नऊ वेळा, येथे मूल अडखळते. त्यात भर अशी की, कागदावरील सूडोकोडात यादीतील पहिल्या घराचा क्रमांक बहुधा १ दिलेला असतो आणि पायथनमध्ये तो ० असतो. बबल सॉर्टमध्ये शेजारच्या दोन घरांची तुलना करावयाची असते. शेवटच्या घराला शेजार नसतो. तेथवर गेले की प्रोग्रॅम यादीबाहेर पाऊल टाकतो. यावर उपाय एकच: तीन आकड्यांची लहान यादी घेऊन हाताने चालवून पाहणे. शंभर आकड्यांत जी चूक लपते, ती तीन आकड्यांत उघडी पडते.

शोधण्याच्या पद्धतींविषयी बोलताना मी नेहमी मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील जुन्या नोंदवह्यांचा दाखला देतो. आपल्यापैकी कित्येकांनी आपल्या पूर्वजाचा शोध तेथे घेतला असेल. सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून या बेटावर आली आणि आलेल्यास अनुक्रमाने क्रमांक मिळाला. समजा, या सर्व नोंदी क्रमांकवार एकाच लांब यादीत मांडल्या आणि पणजोबांचा क्रमांक आपल्यास ठाऊक आहे. तर यादी मधोमध उघडावी, तेथील क्रमांक पाहावा, आपला क्रमांक लहान असल्यास नंतरची अर्धी यादी टाकून द्यावी, मोठा असल्यास आधीची. उरलेल्या निम्म्याचे पुन्हा तसेच. साडेचार लाख नोंदींत हवी ती नोंद फार तर एकोणीस वेळा पाहून सापडते. ही ‘बायनरी सर्च’. परंतु क्रमांक हरवला असेल आणि केवळ नाव ठाऊक असेल, तर ही युक्ती निरुपयोगी. कारण यादी नावांच्या क्रमाने लावलेली नाही, आणि त्या काळच्या कारकुनांनी एकच नाव चार तऱ्हांनी लिहून ठेवले आहे. मग पहिल्या पानापासून एकेक नोंद वाचणे आले. ही ‘लिनियर सर्च’. बायनरी सर्चला यादी आधी क्रमाने लावलेली असावी लागते, ही अट उत्तरात लिहिण्यास मुले हटकून विसरतात. पणजोबांच्या शोधात जो एकदा दमला आहे, तो ती विसरत नाही.

आणि ही दिसावयास इतकी सोपी बायनरी सर्च भल्याभल्यांना चकविते. डोनाल्ड नुथ या विख्यात संगणकशास्त्रज्ञाने नमूद केले आहे की, तिचे पहिले वर्णन १९४६ साली प्रसिद्ध झाले, परंतु कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालेल असे रूप छापून येण्यास त्यानंतर दशकाहून अधिक काळ लागला. त्यावर कडी म्हणजे, २००६ साली जोशुआ ब्लॉक या अभियंत्याने जाहीर केले की जावा भाषेच्या ग्रंथालयात त्याने स्वतःच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये कित्येक वर्षे एक दोष दडून होता. मध्य काढण्यासाठी दोन टोकांचे क्रमांक मिळवून दोनाने भागले जात. यादी अतिशय मोठी असल्यास ती बेरीज २१४७४८३६४७ या मर्यादेपलीकडे जाऊन उणे होई. शाळेतल्या मुलांची यादी एवढी मोठी नसते, हे खरे. मात्र हे ऐकल्यावर स्वतःची चूक सापडली की मुले ओशाळत नाहीत, उलट ती दाखवावयास पुढे येतात.

प्रात्यक्षिकाविषयी थोडक्यात. तेथे प्रोग्रॅम चालला की काम संपत नाही. लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्याच्या फलिताचे पडद्यावरील चित्र, दोन्ही एका पुराव्याच्या कागदपत्रात चिकटवून द्यावी लागतात, आणि परीक्षक तेवढेच पाहतो. चांगला प्रोग्रॅम लिहून चित्र चिकटवावयास विसरलेली मुले मी पाहिली आहेत. प्रत्येक उपप्रश्न होताच तो चिकटवावा, शेवटच्या दहा मिनिटांवर टाकू नये. एखादा भाग चालला नाही तरी लिहिलेले पुसू नये. अपुऱ्या प्रोग्रॅममधल्या बरोबर ओळींनाही गुण असतात. स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट आणि बायनरी ट्री यांची चित्रे आधी कागदावर काढावीत, बाणांसकट, आणि मगच कळफलकास हात लावावा.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, हे सर्वच सांगतात. मी एवढेच जोडीन की, त्यांसोबत मिळणारी गुणांकनाची पत्रके उत्तर लिहिण्यापूर्वी उघडू नयेत, आणि उघडल्यावर घाईने मिटूही नयेत. कोणत्या शब्दाला गुण आहे आणि कोणत्या परिच्छेदाला काहीच नाही, हे त्यातून कळते. वेळ लावून, पेन्सिलीने, एका बैठकीत सोडविलेली एक पत्रिका ही अर्धवट चाळलेल्या पाचांपेक्षा मोलाची.

आता त्या नव्या साधनांचा प्रश्न. प्रश्न टाकताच सबंध प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज प्रत्येक मुलाच्या खिशात आहेत. ती वापरूच नयेत असा हेका मी धरीत नाही. धरला तरी कोण ऐकणार! मात्र मला त्यात माझी जुनी वहीच दिसते, अधिक जाडजूड आणि अधिक गोडबोली. वर्गात मी एक नियम केला आहे: यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रॅम आणावयास हरकत नाही, परंतु तो माझ्यासमोर पाटीवर चालवून दाखवावा लागेल, आणि मी मध्येच एक अट बदलीन. पहिल्या शनिवारी सात जणांनी असे प्रोग्रॅम आणले. दुसऱ्या शनिवारी दोघांनी.

त्या घाईखोर मुलीने गेल्या खेपेस परीक्षा दिली आणि तिला चांगली श्रेणी मिळाली. पत्रिकेच्या कोऱ्या जागेत तिने आज्ञेगणिक घरे आखली होती, असे ती सांगते. भाच्याने पुन्हा एक वर्ष अभ्यास करून परीक्षा दिली व तो पदवीधर होऊन नोकरीस लागला. हल्ली शनिवारी तोही सभागृहात येतो आणि मुलांचे ट्रेस टेबल लाल पेन्सिलीने तपासतो. माझ्याहून फार कडक आहे. एक रकाना रिकामा राहिला तरी सबंध तक्ता पुन्हा काढावयास लावतो. आजी अजून मागच्या बाकावर बसतात, आता धाकट्या नातवासाठी. पाटी त्यांनी घरून आणली आहे.